अपशब्द, याद्या आणि जन्मस्थळाचा रकाना

नाशिकच्या एका निवृत्त गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांचा भाचा नऊ वर्षं अमेरिकेत, डॅलसला, एच१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे आणि ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याच्या, रांगेत उभा आहे. ते विचारतात, "तिकडचे नेते उठसूट कुठल्यातरी देशाला घाण काहीतरी बोलतात आणि इथे टीव्हीवर दिवसभर तेच चालतं. अशा बोलण्याने कायदा खरंच बदलतो का, की ती नुसती निवडणुकीची भाषणबाजी? आणि शिव्या पडतात हैतीला, आफ्रिकेला. आपल्या माणसांनी धास्ती का घ्यायची?"

मी २२ वर्षं न्यू जर्सीत इमिग्रेशनची वकिली करते. माझ्याकडे येणाऱ्यांत आपली मराठी मंडळी आहेत, तशी हैतीची, नायजेरियाची, एल साल्वादोरचीही आहेत. वेटिंग रूममध्ये सगळे एकाच सोफ्यावर बसतात. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

तोंडाने बोललेल्या शब्दाने कायदा बदलत नाही, सही केलेल्या कागदाने बदलतो. एवढं ऐकून तुम्ही निश्चिंत होणार असाल तर मात्र थांबा. त्या शिवीच्या मागे एक विचार आहे, माणूस कोण आहे हे नंतर पाहू, आधी तो कुठल्या देशातला ते सांगा. हा विचार अमेरिकी कायद्यात कुणा एका नेत्याने आणलेला नाही, तो शंभर वर्षांपासून तिथे आहे. तुमच्या भाच्याची रांग त्याच विचाराच्या पोटातून निघाली आहे.

ज्या प्रसंगाची अजून चर्चा होते तो ११ जानेवारी २०१८ चा. ओव्हल ऑफिसमध्ये बैठक होती. इलिनॉयचे डेमोक्रॅट सिनेटर डिक डर्बिन आणि साउथ कॅरोलिनाचे रिपब्लिकन लिंडसे ग्रॅहम एक तडजोड घेऊन आले होते. लहानपणी आईबापांबरोबर कागदपत्रांशिवाय आलेल्या सुमारे सात लाख तरुणांना 'डाका' नावाचं संरक्षण होतं (मराठी कानाला दरोडा वाटतो, पण ते अद्याक्षरांचं नाव आहे), आणि ट्रम्प प्रशासनाने ते सप्टेंबर २०१७ मध्ये रद्द करायचं जाहीर केलं होतं. त्या तरुणांना मार्ग द्यायचा, बदल्यात सीमेवरच्या भिंतीला थोडा पैसा द्यायचा, व्हिसाची लॉटरी (ज्या देशांतून कमी माणसं येतात त्यांच्यासाठीची सोडत) बंद करायची आणि त्यातून मोकळे झालेले काही व्हिसा टीपीएसवाल्यांना द्यायचे, असा तो सौदा होता. टीपीएस म्हणजे तात्पुरतं संरक्षण. एखाद्या देशात युद्ध किंवा भूकंपासारखं संकट आलं की अमेरिकेत आधीच असलेल्या तिथल्या लोकांना परत पाठवायचं नाही, काम करू द्यायचं, अशी १९९० च्या कायद्यातली सोय. कुठल्या देशांचे लोक यात येतात ते वाचून दाखवलं जात असताना हैती आणि आफ्रिकेचा विषय निघाला आणि अध्यक्ष ट्रम्प तो 'शिटहोल' शब्द बोलले. असल्या देशांतून माणसं का घ्यायची, नॉर्वेसारख्या देशातून का नाही, असा त्यांचा सवाल होता. नॉर्वेच्या पंतप्रधान आदल्याच दिवशी व्हाइट हाउसमध्ये येऊन गेल्या होत्या.

त्या शब्दाचं मराठी करताना वर्तमानपत्रांनी 'घाणेरडे देश', 'नरकासमान देश' असं काय काय लिहिलं. शब्दाला जवळचं मराठी हवं असेल तर 'हागणदारी' हाच शब्द येतो. आपल्याकडे गावाच्या वेशीवर 'हागणदारीमुक्त गाव' अशी पाटी लागते, त्यामुळे शब्द ओळखीचा आहे, पण संपादकांना तो मथळ्यात नको होता. तैवानच्या वृत्तसंस्थेने तर 'जिथे पक्षीही अंडी घालत नाहीत असे देश' असं करून टाकलं. सभ्यपणाची हद्द झाली!

दुसऱ्या दिवशी डर्बिन यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं की शब्द वापरला गेला, एकदा नव्हे, अनेकदा. ट्रम्प म्हणाले भाषा कडक होती, पण तो शब्द माझा नव्हता. बैठकीतले दोन रिपब्लिकन सिनेटर आधी म्हणाले आम्हाला तसं आठवत नाही, आणि दोन दिवसांनी त्यांतल्या एकाने असं काही बोललंच गेलं नाही असं सांगितलं. बोट्सवानाने अमेरिकेच्या राजदूताला बोलावून विचारलं की बाबा, आमचा देशही त्यात येतो का. संयुक्त राष्ट्रांतल्या आफ्रिकी राजदूतांनी माफी मागा म्हणून पत्रक काढलं. हे सगळं १२ जानेवारीला गाजत होतं, आणि २०१० च्या हैतीतल्या भूकंपाची तारीखही १२ जानेवारीच. जवळजवळ आठ वर्षांनी, ९ डिसेंबर २०२५ ला, पेनसिल्व्हेनियातल्या एका सभेत खुद्द ट्रम्प यांनीच ती बैठक रंगवून सांगितली, शब्दासकट, आणि लोक हसले. म्हणजे आठ वर्षं जे 'बोललोच नाही' होतं ते आता सभेतला किस्सा झालं.

नॉर्वेबद्दल एक सांगून ठेवते. १८२५ पासूनच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख माणसं नॉर्वे सोडून उत्तर अमेरिकेला गेली. तेव्हाचा नॉर्वे गरीब होता, शेतीला जमीन पुरत नव्हती. ज्या काळात नॉर्वेची माणसं यायला तयार होती तेव्हाचा नॉर्वे आजच्या भाषेत कुठल्या यादीत बसला असता, हे तुम्हीच ठरवा.

त्या आठवड्यात माझ्याकडे इर्व्हिंग्टनला राहणाऱ्या एक हैतियन बाई आल्या होत्या. वृद्धाश्रमात रात्रपाळी करायच्या. ड्यूटी संपवून तशाच आलेल्या, पायात ते पांढरे रबरी बूट. मला वाटलं होतं त्या बातमीवर काहीतरी बोलतील. त्यांनी शब्दाचं नावही काढलं नाही. पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि एका तारखेवर बोट ठेवलं, २२ जुलै २०१९. हैतीचं टीपीएस त्या दिवशी संपणार असं २० नोव्हेंबर २०१७ लाच जाहीर झालं होतं. सुमारे ५९ हजार लोकांना ते लागू होतं. बाईंचा प्रश्न एवढाच होता, मुलीचं दहावीचं वर्ष त्याच्या आधी संपेल का. शिवी जानेवारीतली होती, तारीख आधीच ठरलेली होती. एल साल्वादोरच्या सुमारे दोन लाख लोकांची तारीख तर त्या बैठकीच्या तीनच दिवस आधी, ८ जानेवारीला जाहीर झाली होती, आणि आपल्याकडच्या टीव्हीवर त्याचं कुणी नाव घेतल्याचं मला आठवत नाही.

म्हणून मी लोकांना सांगते की भाषण ऐकायचं तर ऐका, पण फेडरल रजिस्टर वाचा. आपल्याकडचं राजपत्र असतं तसं ते असतं. कंटाळवाणं असतं, आणि खरं काय घडलं ते तिथेच छापलेलं असतं.

मग शब्दांना काहीच वजन नाही का? आहे, आणि ते कोर्टात कसं मोजलं जातं हे पाहण्यासारखं आहे.

टीपीएस रद्द करण्याविरुद्ध खटले झाले. सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश एडवर्ड चेन यांनी ३ ऑक्टोबर २०१८ ला रद्द करण्याला स्थगिती दिली आणि अध्यक्षांच्या त्या विधानाचा आदेशात उल्लेख केला. ब्रुकलिनमध्ये न्यायाधीश विल्यम कुंत्झ यांनी एप्रिल २०१९ मध्ये हैतीबाबत तसाच आदेश दिला. पण या खटल्यांत खरी मेहनत शब्दावर झाली नव्हती, ती झाली ईमेलवर. हैतीचा निर्णय होण्याआधी टीपीएस ठरवणाऱ्या गृहसुरक्षा खात्यात विचारणा झाली होती की टीपीएसवरच्या हैतियन लोकांपैकी गुन्हेगार किती आणि सरकारी मदत घेणारे किती. आता टीपीएसचा कायदा उघडून पाहा. संरक्षण काढायचं का, हे मुख्यतः त्या देशातली परिस्थिती सुधारली की नाही यावर ठरतं. इथे राहणारी माणसं चांगली की वाईट, हा प्रश्नच त्यात नाही. ज्याने ते ईमेल लिहिले त्याच्या डोक्यात दुसराच कायदा होता. वकिलाला असा कागद सापडला तर तो शंभर शिव्यांपेक्षा मोलाचा.

पुढे अपील कोर्टाने सप्टेंबर २०२० मध्ये दोन विरुद्ध एक अशा मताने चेन यांचा आदेश फिरवला. अध्यक्ष काय बोलले आणि खात्याने काय ठरवलं यांचा दुवा सिद्ध झाला नाही, असं त्यांचं म्हणणं. २०२३ मध्ये तोही निकाल मोठ्या पीठाकडे फेरसुनावणीला गेला. दरम्यान सरकार बदललं, हैतीला नव्याने संरक्षण मिळालं, आणि पुन्हा सरकार बदलल्यावर ते काढून घेण्याची खटपट सुरू झाली. त्या बाईंची मुलगी एव्हाना कॉलेजात गेली, आईच्या तारखा मात्र अजून सरकतच आहेत.

सर्वोच्च न्यायालयाचं वळण आणखी कडक आहे. जानेवारी २०१७ चा पहिला प्रवेशबंदीचा हुकूम सात मुस्लिमबहुल देशांवर होता. प्रचारात मुस्लिमांबद्दल काय काय बोललं गेलं होतं ते जगाला माहीत होतं. कोर्टांनी अडवल्यावर हुकूम दोनदा नव्याने लिहिला गेला. तिसऱ्या मसुद्यात उत्तर कोरिया आणि व्हेनेझुएलाही आले, कारणं आली, तक्ते आले. २६ जून २०१८ ला पाच विरुद्ध चार मतांनी तो टिकला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचं म्हणणं थोडक्यात असं की कागदावर जे लिहिलं आहे ते वरकरणी तटस्थ आहे आणि राष्ट्रीय सुरक्षेचं कारण पुरेसं आहे. न्यायमूर्ती सोटोमायर यांनी विरोधी मतात सगळी विधानं एकामागून एक उतरवून काढली. तोंडचे शब्द असे निकालपत्रात कायमचे नोंदले गेले, हुकूम मात्र उभा राहिला.

दोन वर्षांनी, १८ जून २०२० ला, 'डाका' रद्द करण्याचा निर्णय त्याच न्यायालयाने मोडला. लोकांना वाटलं भेदभावाविरुद्ध निकाल आला. निकाल कारकुनीवर आला होता. सरकारने निर्णय घेताना आवश्यक बाबींचा विचार केला नाही, कारणं नीट दिली नाहीत, म्हणून तो मोडला. भेदभावाच्या मुद्द्यावर रॉबर्ट्स यांनी लिहिलं की अध्यक्षांची विधानं दूरच्या काळातली आणि वेगळ्या संदर्भातली आहेत. धडा सरकारी वकिलांनी लगेच घेतला, की नेत्याला बोलू द्यावं, फाइल मात्र स्वच्छ ठेवावी. जून २०२५ ची प्रवेशबंदी बघा. १२ देशांवर पूर्ण, सात देशांवर अंशतः. हैती पूर्ण बंदीत आहे. पण मजकुरात विशेषण सापडणार नाही. व्हिसा संपूनही थांबणाऱ्यांची टक्केवारी, पासपोर्ट देणाऱ्या यंत्रणेतल्या त्रुटी, असा कोरडा हिशेब. २०१७ चा हुकूम आणि २०२५ चा हुकूम शेजारी ठेवून वाचले की मधल्या आठ वर्षांत वकील काय शिकले ते दिसतं.

शब्द खरं काम करतात ते कोर्टात नव्हे, टेबलावर. हे बाहेरून दिसत नाही म्हणून सांगते. एप्रिल २०१७ मध्ये 'अमेरिकी माल घ्या, अमेरिकी माणूस घ्या' असा एक हुकूम निघाला. त्यात भारताचं नाव नाही, एच१बीचा कायदा एका अक्षराने बदलला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशन खात्याने एक जुनी सवय सोडली. आधी मुदतवाढीचा अर्ज आला, नोकरी तीच, माणूस तोच असला की आधीच्या मंजुरीचा मान राखला जायचा. आता प्रत्येक अर्ज कोरा धरून तपासा, असं सांगण्यात आलं. माझ्या ऑफिसात पुरावे मागणाऱ्या नोटिसांचा, ज्यांना आम्ही आरएफई म्हणतो, ढीग लागला. सहा-सहा वर्षं तेच काम करणाऱ्या माणसाला विचारायचे, हे काम खरंच पदवी लागणारं आहे हे सिद्ध करा. नकार वाढले. त्या अधिकाऱ्यांना कुणी फोन करून सांगितलं नव्हतं की भारतीयांना छळा. वरून हवा कुठली वाहते ते खालच्या टेबलाला कळतं, एवढंच. तलाठी कचेरीत कधी उभे राहिला असाल तर हे तुम्हाला माझ्याहून चांगलं समजेल. ती जुनी सवय २०२१ मध्ये परत आली.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, शिव्या त्यांना, धास्ती आपल्याला का. यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९०७ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात जमावाने लाकूड गिरण्यांतल्या हिंदी मजुरांना, बहुतेक पंजाबी शीख, एका रात्रीत गावाबाहेर हाकललं. १९११ साली संसदेच्या इमिग्रेशन आयोगाने आपल्या अहवालात लिहिलं की पॅसिफिक किनाऱ्यावर हे लोक आजवर आलेल्यांत सर्वांत नकोसे मानले जातात. हे सभेतलं वाक्य नव्हे, सरकारी अहवालातलं आहे. १९१७ साली 'प्रतिबंधित आशियाई पट्टा' आखून हिंदुस्थानातून येणंच बंद केलं. फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचा गणवेश घातलेला माणूस होता तो. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव ऐकून आपल्याकडच्या कुठल्या वाड्यातले वाटतात, जन्म मात्र अहमदाबादचा. थिंद हरल्यावर सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांची नागरिकत्वं काढायला सुरुवात केली आणि पंडितांवरही खटला भरला. स्वतःचा खटला ते स्वतः लढले आणि जिंकले. माझ्या टेबलाशेजारी त्या निकालाची छापील प्रत लावलेली आहे, वाईट दिवशी तिच्याकडे बघते.

मग १९२४ चा कायदा. प्रत्येक देशाला कोटा, तो १८९० च्या जनगणनेत त्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते त्यांच्या दोन टक्के. जनगणना १९२० ची हाताशी असताना १८९० ची का? कारण इटालियन आणि पूर्व युरोपातले ज्यू मोठ्या संख्येने आले ते नंतर. इटलीचा कोटा ४२ हजारांवरून ३,८४५ वर आला. कुठेही इटालियन लोकांना नावं ठेवलेली नाहीत, नुसतं साल बदललं. मला हा कायदा विद्यार्थ्यांना शिकवायला फार आवडतो. अपमान इतक्या नीटनेटकेपणे आकड्यात बसवता येतो हे एकदा पाहिलं की माणूस भाषणांना घाबरायचं सोडतो आणि तक्त्यांना घाबरायला लागतो. आपल्याला १९४६ मध्ये दार उघडलं, तेही वर्षाला शंभर माणसांपुरतं. देशवार कोट्यांची ती पद्धत ३ ऑक्टोबर १९६५ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पायाशी सही करून मोडली. आज न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर जो आपला बाजार भरतो तो त्या सहीमुळे.

पण देशाचा रकाना गेला नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला मुळात एक लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून जास्त नाहीत. आइसलंडला जी मर्यादा तीच भारताला. न वापरलेली इकडची तिकडे येऊन काही वर्षी जास्त मिळतात, पण रांग एवढी तुंबलीय की आज पुढे सरकणारे भारतीय अर्ज दहा वर्षांहून जुने आहेत. हा नियम करताना भारताला कुणी शिवी दिली नव्हती. उलट सर्व देश समान, असं त्याचं समर्थन आहे. तुमच्या भाच्याचा अर्ज अडलाय तो या समानतेत.

हे बदलायचा प्रयत्न झाला. ही देशवार मर्यादा उठवणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं. सिनेटमध्ये ते अडवणाऱ्यांत कोण होतं? डिक डर्बिनही. तेच, ज्यांनी ओव्हल ऑफिसमधला शब्द बाहेर सांगितला. त्यांचं म्हणणं, एकूण संख्या न वाढवता मर्यादा उठवली तर बाकी जगाची माणसं मागे ढकलली जातील. मुद्दा चुकीचा नव्हता. आपल्या मंडळींनी मात्र त्यांच्या कार्यालयासमोर निदर्शनं केली. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने वेगळा मसुदा मंजूर केला, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि मुदत संपली. तेव्हा गोड बोलणारा आपला आणि कडू बोलणारा परका, असा हिशेब या क्षेत्रात चालत नाही.

भारतालाही ऐकून घ्यावं लागलंच आहे. २२ ऑक्टोबर २०२० च्या वादविवादात ट्रम्प चीन, रशियाबरोबर भारताचं नाव घेऊन म्हणाले, घाणेरडा आहे, हवा घाणेरडी आहे. मे २०२४ मध्ये बायडन यांनी एका निधीसंकलनाच्या कार्यक्रमात जपान, चीन, रशियाबरोबर भारतालाही परक्यांना घाबरणारा देश ठरवलं. तेही कशासाठी, तर अमेरिका स्थलांतरितांना कशी सामावून घेते ते सांगण्यासाठी! जयशंकर यांनी ते लगेच खोडून काढलं. यांतल्या कुठल्याच वाक्याने एकाही व्हिसाचं काही झालं नाही.

आणि आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. कायद्यात दर वर्षी ५५ हजारांपर्यंत व्हिसांची जी लॉटरी आहे तिच्यात भारतीयांना भागच घेता येत नाही, कारण इतर मार्गांनी आपण आधीच भरपूर येतो. त्यामुळे इथल्या गणपतीच्या मंडपात, प्रसादाची पानं वाढताना, "हे लॉटरीवाले फुकट घुसतात आणि आम्ही मास्टर्स करून सडतो" हे मी दर वर्षी ऐकते. मुंबईत ज्यांनी आयुष्यभर 'भय्या' हा शब्द शिवीसारखा वापरला, ते इथे आपल्याला कुणी काही म्हटलं की हळवे होतात. असो, विषय तो नाही.

विषय जन्माच्या देशाचा आहे, आणि त्याबद्दलची माझ्या ऑफिसातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

२०१९ मध्ये एक जोडपं आलं. नवरा साताऱ्याचा, सहा वर्षं रांगेत. बायकोचं माहेर कोल्हापूर. मी नेहमीप्रमाणे दोघांचे जन्मदाखले मागितले. ती म्हणाली, माझा इथे नाहीये, आईकडे ट्रंकेत असेल, कारण माझा जन्म लागोसचा. मी पेन खाली ठेवलं. तिचे वडील ऐंशीच्या दशकात नायजेरियात कापड गिरणीत इंजिनिअर होते. ती दोन वर्षांची असताना सगळे परत आले. तिला तिथलं काहीही आठवत नव्हतं.

रांग ठरते ती जन्माच्या देशावरून, आणि नवरा-बायकोपैकी कुणा एकाचा जन्मदेश दुसऱ्यालाही लावता येतो. आम्ही याला क्रॉस-चार्जेबिलिटी म्हणतो. भारताच्या रांगेत दहा वर्षं, आणि नायजेरियासाठी त्या वर्गात तेव्हा रांगच नव्हती. आधीच्या वकिलाने सहा वर्षांत हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. कोल्हापूरहून दाखला आला, पिवळा पडलेला, प्रेमाने लॅमिनेट केलेला (दाखले लॅमिनेट करू नका हो, शिक्के तपासता येत नाहीत). आम्ही अर्ज भरले.

३१ जानेवारी २०२०, शुक्रवार. प्रवेशबंदीच्या यादीत सहा देशांची भर पडली आणि त्यांत नायजेरिया होता. संध्याकाळी नवऱ्याचा फोन, आवाज कापत होता. "मॅडम, गेलं ना आपलं?" मी विचारलं, तुमच्या बायकोचा पासपोर्ट कुठला? भारताचा. बंदी पासपोर्टाला लागते आणि रांग जन्माला लागते. शिवाय बंदी होती बाहेरून येणाऱ्यांवर, हे दोघं आधीच इथे होते. नायजेरियाच्या पासपोर्टवर बाहेरून यायला बसलेल्या माझ्या दुसऱ्या एका क्लायंटची फाइल मात्र त्या दिवशी कपाटात गेली आणि एक वर्ष तिथेच राहिली. जन्म दोघांचा लागोसचाच. पुढे मराठी जोडप्याचं ग्रीन कार्ड आलं. ज्या खंडाला तो शब्द वापरला गेला होता त्याच्या एका जन्मदाखल्याने त्यांना दहा वर्षं पुढे नेलं. पेढे घेऊन आले होते, कंदी.

आता भाच्याबद्दल. १९ सप्टेंबर २०२५ ला एच१बीवर एक लाख डॉलरच्या शुल्काचा हुकूम निघाला तेव्हाची गडबड तुम्ही पाहिलीच असेल. सहीच्या वेळी वाणिज्यमंत्री म्हणाले दर वर्षी भरावे लागतील. कंपन्यांनी रातोरात ईमेल पाठवले, चोवीस तासांत परत या. नवरात्रासाठी पुण्याला गेलेली माझी एक क्लायंट घटस्थापनेच्या आधीच मुंबई विमानतळावर धावली, तिकिटाला तिप्पट पैसे देऊन. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसने खुलासा केला की शुल्क एकदाच, नव्या अर्जांना, आधीपासून व्हिसा असलेल्यांना नाही. हुकमाचा मजकूर मंत्र्यांच्या बोलण्याशी जुळत नव्हता. मी तिला म्हटलं होतं, मजकूर हातात येईपर्यंत चार तास थांब. चार तास थांबणं कुणाला जमत नाही.

भाच्याला एवढं विचारा. त्याचा आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी भरलेला अर्ज, मंजूर आहे का, आणि त्या मंजुरीची प्रत त्याच्या स्वतःच्या हातात आहे की कंपनीच्या फाइलीत? प्रत त्याच्याकडे हवी. नोकरी बदलली तरी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, त्याचीच राहते, हे अनेकांना माहीत नसतं आणि त्या भीतीने माणसं पडेल पगारावर राबतात. मुलं असतील तर त्यांची वयं लिहून ठेवा. २१ वर्षं पूर्ण झाली की ती आईबापांच्या अर्जातून गळू शकतात, आणि त्यासाठीचा वयाचा हिशेब वेगळा असतो, तो आधीच करून घ्यावा. महिन्यातून एकदा व्हिसा बुलेटिन, म्हणजे रांग कुठवर आली ते सांगणारं सरकारी पत्रक, बघावं, रोज नको. भाषणांच्या बातम्या त्याने बघितल्या नाहीत तरी त्याच्या अर्जाचं काही अडणार नाही.

आणि तुमच्या भाचेसुनेचा जन्म नेमका कुठे झाला, ते विचारून मला कळवा. वडील मस्कतला, दारेसलामला, कुठे नोकरीला होते का, तेही.